कावळ्याचा पाय

आमचं तळसर कोल्हापूरला इतकं खेटून आहे की शहराचा कचरा आमच्याकडे येतो आणि आमचं दूध शहराकडे जातं. शहर म्हणतं, हद्दीत या. गाव म्हणतं, येत नाही जा. या एका मुद्द्यावर गाव एक आहे. दुसऱ्या कशावर ते एक झाल्याचं मी पाहिलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात पाहिलं, आणि तेव्हापासून गाव एकत्र जमलेलं दिसलं की मी आधी चपला कुठं काढल्यात ते बघून ठेवतो.

ओढ्यापलीकडं गायरान आणि गायरानात वडरवस्ती. गावातल्या जुन्या घरांची जोती आणि झाडून साऱ्या विहिरी याच वस्तीच्या हातच्या. आता जोती सिमेंटची झाली, विहिरी बुजल्या, आणि वस्ती शहरात सेंट्रिंगच्या कामाला जाऊ लागली. तिथल्या समाजमंदिरात मी दर रविवारी एक वर्ग घेत होतो. वर्तमानपत्रात मी आधी मुद्रितं तपासली आणि नंतर विनोदी सदर लिहिलं; दोन्हीकडं काम एकच, दुसऱ्याच्या चुका शोधायचं. वर्गातल्या पोरांना वाचता येत होतंच. वाचलेल्यावर लगेच विश्वास कसा ठेवू नये, तेवढं मी शिकवत होतो. ही विद्या शाळेत शिकवत नाहीत, कारण मग पोरं पहिल्यांदा शाळेच्या भिंती वाचतील.

वर्गाचे प्रश्न तीनच. हे कोण बोलतंय? कुणाला बोलतंय? आणि यातून कोण गाळलंय?

तिसरा प्रश्न मोना धोत्रेचा आवडता. मोना बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती, केएमटीच्या बसनं कॉलेजला जायची. आईबाप इचलकरंजीत मागावर, म्हणून ती वस्तीत आज्जीजवळ, विठाबाईजवळ राहायची. तिच्या शेजारी बसायचा तिचा चुलतभाऊ सम्राट. तो सेंट्रिंगवर जायचा आणि रविवारीसुद्धा त्याच्या शर्टाला सिमेंट असायचं.

एका रविवारी मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, मधला शब्द मुद्दाम गाळला आणि त्या जागी खालून छपरासारखी एक खूण केली.

"याला काकपद म्हणतात. मजकुरात शब्द सुटला की तिथं ही खूण करायची आणि वर तो शब्द लिहायचा."

"काक म्हंजे काका?" सम्राटनं विचारलं.

"काक म्हणजे कावळा. त्याच्या पायासारखी दिसते म्हणून."

"मग कावळ्याचा पाय म्हना की सरळ. संस्कृतात कशाला शिव्या घालताय."

पोरं हसली. मोना हसली नाही. ती फळ्याकडं बघत होती.

"आण्णा, छापलेल्यात बी ऱ्हातंय व्हय सुटून?"

"छापलेल्यातच राहतं."

"आनी कुनी मुद्दाम सोडलं असंल तर?"

"खूण तीच."

पुढच्या रविवारी वर्ग चौकात भरवला. आमच्या चौकात वाचण्यासारखं पुष्कळ आहे. दूध संस्थेचे चेअरमन बाळासो यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स पावसाळ्यापर्यंत उतरत नाही आणि पावसाळ्यात तो कुणाच्या तरी गोठ्यावर जातो, म्हणजे बाळासो बारमाही उपयोगी पडतात. फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'गोरगरिबांचा आधार'.

"ह्यात कार्ड सुटलंय," सम्राट म्हणाला. "रेशनच्या वक्ताला आमची आधार कार्डं ह्यांच्याकडंच असत्यात."

शेजारी ग्रामपंचायतीचा फलक होता. त्यावर नवा मजकूर रंगवलेला: 'गायरानातील अतिक्रमण तातडीने हटवावे, अशी समस्त ग्रामस्थांची मागणी आहे.'

मोनानं तो दोनदा वाचला.

"समस्त म्हंजे?"

"सगळे."

"सगळ्यात आमी बी आलो?"

"शब्दाच्या अर्थानं, हो."

"म्हंजे आमची घरं पाडा, असं आमीच मागितलंय." ती हे कुणाला सुनावत नव्हती. हिशेब जुळतोय का एवढंच बघत होती. मग तिनं सम्राटच्या खिशातून गेरूचा खडा काढून घेतला. सेंट्रिंगवाल्याच्या खिशात गेरू असतोच, फळीवर रेघ मारायला. 'समस्त' आणि 'ग्रामस्थांची' यांच्या मधे तिनं खालून एक तांबडा कावळ्याचा पाय काढला.

"वर शब्द?" मी विचारलं.

"अजून ठरंना. तवर जागा तर धरून ठिवतो."

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण वर्गाला गोडी लागली होती, आणि विद्यार्थ्यांना गोडी लागलेली बघणं हे मास्तरचं व्यसन असतं. त्या आठवड्यात गावभर कावळे चालून गेले. 'सार्वजनिक स्मशानभूमी' या पाटीवर 'सार्वजनिक'च्या पुढं एक पाय उमटला. वस्तीतली मयतं ओढ्यापलीकडं पुरतात. पंचायतीच्या सभागृहावर उमटला. आणि मग सम्राटनं घरांच्या दारांवरची 'सुस्वागतम' वाचायला घेतली. या घरांची जोती त्याच्या आज्यानं, यल्लाप्पानं बांधलेली. यल्लाप्पाला पाणी मिळायचं ते जोत्याखाली. सम्राटनं प्रत्येक 'सुस्वागतम'च्या बुडाशी एक-एक पाय काढला. वर शब्द कुठंच नव्हता. जागा तेवढी धरलेली.

पुढच्या सोमवारी मी बसलिंगाप्पांच्या दुकानात काडीपेटी आणायला गेलो. बसलिंगाप्पांचं माहेर सीमेपलीकडं, म्हणजे त्यांच्या आईचं; त्यांच्या मराठीत अजून एक कानडी 'री' शिल्लक आहे.

"आण्णा, जागं राहा री. घरांवर खुणा पडल्यात."

त्यांनी फोन पुढं केला. फोटोत एक तांबडी खूण होती आणि दाराची चौकट. 'सुस्वागतम' कापलेलं होतं. खाली मजकूर: सावधान, टोळी आली आहे, दिवसा खुणा करून जातात, आपल्या माणसांपर्यंत पोचवा.

"एक पाय म्हंजे घरात बाई एकटी. दोन म्हंजे सोनं हाय."

"आणि तीन?"

"तीनचं अजून आलं न्हाय मेसेजमधी."

"बसलिंगाप्पा, ही खूण मजकुरातली आहे. शब्द सुटल्याची."

ते माझ्याकडं दयेनं बघत राहिले. वय झालं की माणसं असं काहीतरी बोलतात, हे त्यांनी माझ्या आधी बऱ्याच गिऱ्हाइकांत पाहिलं असावं.

तरुण मंडळानं गस्त सुरू केली. पहिल्या रात्री पोरांनी एक बिबट्या, एक ड्रोन आणि पोस्टमनचा मेव्हणा असे तिघे पकडले. पैकी मेव्हणा खरा होता. त्याला चहा पाजून सोडलं. मी हे घरी येऊन बायकोला रंगवून सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी संस्थेनं वस्तीतलं दूध 'नासकं लागतंय' म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी ओढ्यावरच्या नळाला कुलूप दिसलं. त्यानंतर मी गस्तीचे विनोद सांगायचं बंद केलं.

शनिवारी सम्राट कामावरनं येताना त्याला पुलावर अडवलं. खिशात गेरू सापडला.

रविवारी तो वर्गाला आला तेव्हा त्याचा हात गळ्यात बांधलेला होता आणि एक डोळा मिटलेला.

"सेंट्रिंगवरनं पडलो," तो म्हणाला.

"डोळ्यावर?" मोनानं विचारलं.

"डोळ्यावरच पडलो. तुला काय त्रास हाय?"

त्यानं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. ना मारणाऱ्यांचं, ना पहिला पाय काढणारीचं. फळ्याकडं मोनानं त्या दिवशी पाहिलं नाही.

संध्याकाळी मी दूध संस्थेत गेलो. संकलन चालू होतं. कॅन आपटत होते. बाळासोंनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मी त्यांना सगळं सांगितलं. खूण कसली, कुठून आली, कशासाठी. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. इतकं नीट ऐकणारा माणूस मी राजकारणात पाहिलेला नाही.

"काकपद," ते म्हणाले.

मी कावळ्याचा पाय म्हणालो होतो.

"मी बी शाळंत गेलतो की आण्णा. मास्तर निबंधात लाल शाईनं काढायचे. माज्या निबंधात लई असायची."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"पैल्या दिवसापास्नं."

"मग गावाला सांगा की. तुमचं ऐकतील."

बाळासोंनी बिस्किट चहात बुडवलं आणि तुटायच्या नेमकं आधी बाहेर काढलं.

"आण्णा, ह्ये गाव कवा एक झाल्यालं बघितलाईसा? देवळाचा कळस रंगवायचा तर तीन पार्ट्या, चार रंग. आता बघा. ज्यांची बांधावरनं कोर्टात केस चालू हाय, त्येंची पोरं एका ताटात खाऊन गस्तीला जात्यात. आनी तुमी म्हंताय मी माइकवर सांगू, बाबांनो, व्याकरण हाय त्ये, जावा घरला?"

"आणि वस्तीचं काय?"

"वस्ती हलली की कायबी हुणार न्हाय. गायरान मोकळं झालं की खुणा आपोआप पुसत्यात." त्यांनी बशी पुढं सरकवली. "घ्या, बिस्किट घ्या. आनी त्या पोरीला म्हणावं, गप ऱ्हा. शिकायलीया, शिकू दे. तिचं नाव माज्या तोंडातनं भाईर पडायचं न्हाय."

मी कुठल्याच पोरीचं नाव घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वस्तीत जाऊन मी हे सगळं मोनाला सांगितलं. ती विठाबाईच्या दारात बसून तांदूळ निवडत होती. सगळं ऐकेपर्यंत तिचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे मी गप बसलो तर वस्ती चोर ठरून जाणार," ती म्हणाली. "आनी बोललो तर मी."

"बोललीस तरी वस्ती राहीलच असं नाही."

"पर चोर म्हणून तर जाणार न्हाय." तिनं एक खडा बाजूला टाकला. "मंगळवारी गावाची सभा हाय न्हवं?"

"मी बोलतो. खूण मी शिकवलीय."

"तुमचं ऐकून घेत्यात, आण्णा. चहा बी देत्यात." ती मला लागावं म्हणून बोलली नव्हती, तरी लागलं. "काढली मी. सांगणार बी मीच."

विठाबाई आतून ऐकत होती. ती बाहेर आली, नातीच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि म्हणाली, "जाशील तर खालच्या आवाजात बोल. आमी वर आवाज काढला की त्यास्नी निस्ता आवाजच ऐकू येतोय."

मंगळवारी संध्याकाळी पंचायतीसमोर गाव जमलं होतं. गस्तीची पोरं काठ्या घेऊन मागं उभी. विषय एकच होता: खुणा आणि गायरान. हे दोन विषय एक कधी झाले, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मोना फलकाशेजारच्या पायरीवर चढली. कुणी तिला माइक दिला नाही आणि कुणी अडवलंही नाही.

"मी विठाबाईची नात, मोना. ही खूण चोराची न्हाय." तिनं फलकावरच्या पायावर बोट ठेवलं. "लिवताना शब्द सुटला की ही काढत्यात. हितं 'समस्त ग्रामस्थ' लिवलंय. आमास्नी कुनी इचारलं न्हाय. म्हणून हितं जागा धरली. तुमच्या दारावर 'सुस्वागतम' हाय. त्या दाराखालचं जोतं माज्या आज्यानं घातलंय, आनी त्यो कवा उंबऱ्याच्या आत आला न्हाय. म्हणून थितं बी धरली. कायबी न्यायचं न्हवतं. सुटलंय तेवढं दावायचं हुतं."

ती खालच्या आवाजात बोलली, म्हणून गावाला ऐकण्यासाठी गप्प बसावं लागलं. पुढं बसलेले ज्ञानू आबा, गावातले सगळ्यात म्हातारे, पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "आमचं जोतं यल्लाप्पाचंच हाय. भूकंपात बी हललं न्हाय." आणखी एकदोन माना हलल्या. क्षणभर मला वाटलं, गाव वाचतंय.

मग मागून आवाज आला. "म्हंजे खुणा तूच केल्यास?"

"व्हय."

"आनी कोन कोन हुतं संगं?"

मोनानं सम्राटकडं पाहिलं नाही. "मीच केल्या."

तोपर्यंत हातातल्या काठ्या काखेत गेल्या होत्या आणि फोन वर आले होते. बाळासो उठले. पायरीपर्यंत चालत गेले आणि त्यांनी मोनाच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोर खरं बोलली. आपण मोठ्या मनानं घिऊया. काय?"

गावानं मोठ्या मनानं घेतलं आणि गाव घरी गेलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. मला वाटलं, निभावलं. मला लोक विनोदी लेखक म्हणतात ते उगीच नाही.

जेवायला बसलो तेव्हा बसलिंगाप्पांचा मेसेज आला. व्हिडिओ होता आणि खाली हात जोडलेले. व्हिडिओत मोनाचा चेहरा होता. 'खुणा तूच केल्यास?' 'व्हय.' 'मीच केल्या.' संपला. पानावरून उठायच्या आत तोच व्हिडिओ मला इचलकरंजीच्या मेव्हण्याकडून आला, शाहूवाडीच्या एका जुन्या वाचकाकडून आला, आणि ज्याच्याशी माझं पंधरा वर्षं बोलणं नाही त्या भावकीतल्या माणसाकडून आला. खाली प्रत्येकानं आपापलं एकेक वाक्य जोडलं होतं. गाळलेलं मात्र कुणी जोडलं नव्हतं.

वस्तीतही तो पोचला. विठाबाईनं तो मोनाकडून दोनदा लावून घेतला, असं नंतर मला सम्राटनं सांगितलं.

"ह्येच्या आदीचं कुठं गेलं?" विठाबाईनं विचारलं.

"कापलं."

"आनी बाळासोनं डोक्यावर हात ठिवला त्ये?"

"त्ये बी कापलं."

"मग काढ की ह्येच्यावर तुजा कावळ्याचा पाय."

"फोनवर निघत न्हाय गं, आज्जे."

बुधवारी उजाडता सम्राट मला बोलवायला आला. फक्त "चला" म्हणाला. आम्ही पूल ओलांडला. वस्तीतल्या प्रत्येक दारावर कावळ्याचा पाय होता. गेरूचा नव्हे, ऑइलपेंटचा, हातभर उंचीचा, रंग खाली ओघळलेला. कुणी कधी काढले ते वस्तीला कळलं नव्हतं. कुत्रीसुद्धा भुंकली नव्हती, म्हणजे काढणारे कुत्र्यांच्या ओळखीचे होते.

मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, त्यामुळे माझ्या मनात आधी आलं ते असं की खूण चुकली आहे. काढून टाकायच्या मजकुराची खूण वेगळी असते. तिला शेपटी असते, वेटोळं असतं. कावळ्याच्या पायाचा अर्थ बरोबर उलटा: इथं काहीतरी घालायचं राहिलं आहे. हे मी मोठ्यानं बोललो असेन, कारण मोनानं वळून पाहिलं.

सम्राट चांगल्या हातानं रॉकेलचं फडकं घासत होता. रंग पसरत होता, निघत नव्हता.

"ऱ्हाऊ दे," मोना म्हणाली. "तुज्या त्या डिस्टेंपरचा डबा कुठं हाय?"

डबा आला, ब्रश आला. ती आपल्याच दारासमोर उभी राहिली. कावळ्याच्या पायाच्या टोकावर, जिथं सुटलेला शब्द लिहायचा असतो तिथं, तिनं पांढऱ्या रंगात मोठं लिहिलं: विठाबाई यल्लाप्पा धोत्रे.

विठाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "ही समदी मीच?"

"व्हय."

"लई लांबडी हाय की मी."

मोना पुढच्या दाराशी गेली. मग त्याच्या पुढच्या. माणसं आपापल्या दारात येऊन नावं सांगू लागली. कुणी म्हणालं बापाचं नाव आधी घाल, कुणी म्हणालं बाईचंच घाल, घर तीच चालवतीया. एका म्हाताऱ्याला आपल्या नावातला ल जोडून, ल्ल असा, हवा होता; तो मोनानं जोडून दिला. वर्गातली पोरं डबा धरून तिच्या मागनं चालली होती. एवढं नीट प्रात्यक्षिक माझ्या वर्गात कधी झालं नव्हतं.

मी पुलापर्यंत मागं आलो आणि तिथून पाहिलं. नावं ठळक होती. ओढ्याच्या या अंगाला, चष्म्याशिवाय, मलाही वाचता येत होती. कुणाचं घर कुठलं, ते आता कुणालाच विचारावं लागणार नव्हतं. त्या कामात मला खटकली ती एवढीच गोष्ट, आणि ती मी मोनाला सांगितली नाही.

गावाच्या बाजूनं आधी गस्तीच्या पोरांच्या मोटरसायकली आल्या. त्यांच्या मागं, सावकाश, जेसीबी. पुलाच्या तोंडाशी येऊन सगळी थांबली. पोरांनी इंजिनं बंद केली. जेसीबीवाल्यानं केलं नाही. तो काचेतून पुढं झुकला. मोना शेवटच्या दारावर लिहीत होती. तिनं ब्रश खाली ठेवला नाही.

पोरं पुलावर उभी राहून दारांकडं बघत होती. एकाचे ओठ हलत होते. तो वाचत होता की मोजत होता, ते मला जवळ उभं राहूनही कळलं नाही.